नागपुरात राहून डॉल्फिन-देवमाशांवर काम करता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला सागरी सस्तन प्राण्यांच्या, म्हणजे डॉल्फिन, देवमासे, समुद्रगाय यांच्या कल्याणावर आणि देखभालीवर संशोधन करायचं आहे. घरचे म्हणतात, जिथे समुद्रच नाही तिथे बसून हे कसलं खूळ घेतलंस! तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे इथून शक्य आहे का? टाकीतला डॉल्फिन सुखात आहे की नाही, हे शास्त्राला खरंच मोजता येतं का? आणि सुरुवात कशापासून करायची?

तुला अगं-तुगं करते, कारण माझ्याकडे इंटर्नशिपला येणाऱ्या मुली तुझ्याच वयाच्या असतात. गेली 22 वर्षं मी विदर्भातल्या वन्यप्राण्यांवर उपचार करते आहे. विहिरीत पडलेले बिबटे, तारेच्या फासात अडकलेले वाघ, गाडीची धडक बसलेली चितळं हे माझं नेहमीचं काम. डॉल्फिन माझ्या हाताखालून गेले ते मोजकेच, कोकणात, आणि त्यातले बहुतेक मेलेले. तरी उत्तर देते आहे, कारण त्या मोजक्या जनावरांनी मला जे शिकवलं ते इथल्या चितळांनी आधीच शिकवलं होतं. मला ते वेळेवर आठवलं नाही, एवढंच.

माझा पहिला जिवंत डॉल्फिन सिंधुदुर्गातल्या एका पुळणीवर भेटला. एका प्रशिक्षणासाठी तिकडे गेले होते आणि सकाळी सहाला निरोप आला की हंपबॅक डॉल्फिन वाळूत लागलाय. पोचले तेव्हा पन्नासेक माणसं जमली होती, रापणकर, पर्यटक, शाळेला निघालेली पोरं. सगळी चांगल्या मनाची माणसं. एक जण बादलीनं पाणी ओतत होता, ते नेमकं डोक्यावर, म्हणजे श्वासरंध्रात. दोघांनी शेपटी धरून ओढायला सुरुवात केली होती. मी ओतणं थांबवलं, ओढणं थांबवलं, चादरींची झोळी करायला लावली आणि वीस मिनिटांत आम्ही त्याला छातीभर पाण्यात नेऊन सोडलं. तो पोहत गेला. टाळ्या वाजल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच डॉल्फिन तीनेक किलोमीटरवर मेलेला सापडला. पाठीवरच्या पराला एक खाच होती, तिच्यावरून ओळखला. पीएम, म्हणजे शवविच्छेदन, मीच केलं. फुप्फुसं जड, कापली तर पू आणि कृमी. पाठीचे स्नायू जागोजागी उकडल्यासारखे फिकट. मूत्राशयात कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी. तुला हे वाचून काय आठवलं ते मला माहीत आहे: कॅप्चर मायोपॅथी. पाठलाग करून, जाळ्यात झगडून धरलेलं चितळ दोन दिवसांनी मरतं तेव्हा हेच दिसतं. स्नायू फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात अडकतं आणि जनावर आतून संपतं. अशी कितीतरी चितळं मी नागपुरात उघडली होती. आणि आदल्या दिवशी त्या पुळणीवर एकाही माणसानं, माझ्यासकट, त्या डॉल्फिनचा श्वास मोजला नव्हता. मोजला असता तर कळलं असतं की तो आजारी म्हणून किनाऱ्याला आलाय, आणि त्याला घाईघाईनं समुद्रात ढकलण्यात त्याचं काहीच भलं नव्हतं.

म्हणून तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सुरुवात हात लावण्यापासून करू नकोस, मोजण्यापासून कर. या क्षेत्रातलं बहुतेक सगळं चांगलं संशोधन जनावराला हात न लावता झालेलं आहे, किंवा मेलेल्या जनावराला हात लावून.

श्वासच का, ते सांगते. डॉल्फिनचा श्वास आपल्यासारखा आपोआप चालत नाही. तो प्रत्येक श्वास जाणून घेतो, आणि म्हणूनच झोपेतही त्याच्या मेंदूचा अर्धा भाग जागा असतो. भूल दिली की श्वास थांबतो. 1955 मध्ये फ्लोरिडात काही शास्त्रज्ञांनी मेंदूच्या अभ्यासासाठी पाच डॉल्फिनांना भूल दिली आणि पाचही मेले. पुढे 1960 च्या दशकात अमेरिकी नौदलासाठी काम करणारे पशुवैद्य सॅम रिजवे यांनी कृत्रिम श्वासोच्छ्वास देत हॅलोथेननं भूल देण्याची पद्धत बसवली, तेव्हा कुठे डॉल्फिनवर शस्त्रक्रिया करणं शक्य झालं. आपण बिबट्याला झायलाझिन-केटामाइन या भुलीच्या औषधांचा डार्ट मारून निर्धास्त होतो, तसं इथे चालत नाही. बेशुद्ध होऊन पाण्यात गेलेला डॉल्फिन बुडून मरतो.

निवांत बॉटलनोज डॉल्फिन मिनिटाला साधारण 2 ते 4 श्वास घेतो. सोडणं आणि ओढणं मिळून एक सेकंदही लागत नाही, की रंध्र बंद. वाळूत लागलेल्याचा हा आकडा कितीतरी वाढतो. कधी दोन-तीन श्वास पाठोपाठ येतात आणि मग लांब खंड पडतो. घड्याळ लावून पाच-दहा मिनिटं शांत बसलीस, श्वासाचा वास घेतलास (लांबूनच, मास्क लावून, कारण फुप्फुसं सडत असतील तर दुर्गंधी लपत नाही), तर घाबरलेला, तापलेला आणि मुळात आजारी यांत फरक करता येऊ लागतो.

तेवढ्या वेळात बाकीच्यांना काम द्यायचं. जनावर कुशीवर असेल तर पोटावर सरळ करायचं. फ्लिपरच्या, म्हणजे पुढच्या वल्ह्यासारख्या परांच्या, खाली वाळूत खड्डे करायचे, म्हणजे ते अंगाखाली दबून मोडत नाहीत. खड्ड्यात पाणी साठलं तर आणखी चांगलं. ओल्या चादरी अंगावर टाकायच्या, श्वासरंध्र मात्र मोकळं. वर सावली धरायची. पाण्यात ज्या देहाला भारच नव्हता तो वाळूत स्वतःच्या वजनानं स्वतःची फुप्फुसं दाबत असतो, आणि गारव्यापासून वाचवणारा कातडीखालचा चरबीचा जाड थर उन्हात गोधडीसारखा तापत असतो. जास्तीची उष्णता बाहेर टाकायची सोय पाठीचा पर, फ्लिपर आणि शेपटी यांत असते, म्हणून ते अवयव सतत ओले ठेवायचे. शेपटीला धरून कधीच ओढायचं नाही, मणके निखळतात. गर्दी मागे, कुत्री बांधलेली, मोठ्यानं बोलणं बंद. आणि हातमोजे घाल. गाभडलेल्या म्हशीच्या ब्रुसेलाला आपण घाबरतो ना, त्याच कुळातला ब्रुसेला सेटी हा जंतू डॉल्फिनमध्ये असतो.

मग निर्णय येतो, आणि तो सगळ्यात जड असतो: समुद्रात परत, उपचार, की शांत मरण. आपल्याकडे हे सगळे प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. त्यामुळे पहिला फोन वनविभागाला, आणि बरा न होणाऱ्या जनावराला मरण द्यायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. वाघाच्या बाबतीत तू हे शिकली आहेसच. पशुवैद्यानं त्या जागी खरं बोललं पाहिजे. 2023 च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं. वनविभाग, गावकरी, जीवरक्षक यांनी रात्रंदिवस खपून ते खोल पाण्यात नेलं, आणि तरी ते वाचलं नाही. त्या लोकांच्या कष्टांना मी कधीही नावं ठेवणार नाही. पण अंगावर पिणारं पिल्लू आईपासून तुटलं की समुद्र त्याचं घर उरत नाही, हे आपल्या व्यवसायातल्या माणसानं पहिल्या तासाला सांगायला हवं, गर्दी कितीही आशेनं बघत असली तरी.

2016 च्या जानेवारीत तमिळनाडूत तुतिकोरिनजवळ मणपाडच्या किनाऱ्यावर ऐंशीहून अधिक पायलट व्हेल लागले. कोळ्यांनी कितीतरी ओढून पाण्यात सोडले. त्यातले बरेच परत फिरून आले. पायलट व्हेल कळपाला इतके धरून असतात की एक जण वाळूत राहिला तर बाकीचे निघत नाहीत. एकेक जनावर सोडायचं की जमेल तेवढ्यांना एकत्र धरून ठेवून मगच न्यायचं, हा तिथे कल्याणाचा प्रश्न होतो, आणि त्याचं उत्तर नातेसंबंधांच्या अभ्यासातून येतं, औषधशास्त्रातून येत नाही. त्याच पट्ट्यात 1973 मध्येही असाच प्रकार झाला होता. तेव्हाच्या नोंदी कुणीतरी नीट लिहून ठेवल्या म्हणून आज आपण दोन्ही घटना शेजारी ठेवून बघू शकतो.

आता टाकीतल्या डॉल्फिनचा प्रश्न. सुख थेट मोजता येत नाही, माणसाचंही नाही. पण जनावराला विचारायच्या काही पद्धती आहेत. या सगळ्याची मुळं शेतीच्या जनावरांत आहेत, हे तुला आवडेल. ब्रिटनमध्ये 1965 च्या ब्रँबेल समितीच्या अहवालातून पुढे 'पाच स्वातंत्र्यं' आली: भूक-तहान, अस्वस्थता, वेदना-आजार आणि भीती यांपासून सुटका, आणि स्वाभाविक वागण्याची मुभा. 1994 मध्ये न्यूझीलंडच्या डेव्हिड मेलर यांनी सहकाऱ्याबरोबर 'पाच क्षेत्रं' मांडली, ज्यात आहार, परिसर, आरोग्य आणि वर्तन यांतून शेवटी जनावराची मानसिक अवस्था काय होते ते बघतात. इझाबेला क्लेग यांनी दुभत्या गाई-कोंबड्यांसाठी केलेली युरोपातली मूल्यमापनाची चौकट घेतली आणि 2015 मध्ये ती बॉटलनोज डॉल्फिनसाठी बसवली. तिच्यात 36 मोजमापं आहेत, अंगकाठीपासून एकत्र पोहण्यापर्यंत.

त्याच गटाचे पुढचे दोन अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. 2017 च्या अभ्यासात डॉल्फिनांना आधी शिकवलं की एका ठिकाणी गेलं तर मोठं बक्षीस, दुसऱ्या ठिकाणी किरकोळ. मग खूण मधोमध ठेवली. जो आशेनं झेपावतो त्याची मनःस्थिती बरी असं मानायचं, माणसांतल्या नैराश्यावरच्या प्रयोगांतून आलेली ही कल्पना आहे. सोबत्यांबरोबर जोडीनं जास्त पोहणारे डॉल्फिन जास्त आशावादी निघाले. 2018 च्या अभ्यासात खेळणी येणार की ओळखीचा माणूस येणार याची वेगवेगळी पूर्वसूचना द्यायची, आणि वाट बघताना ते किती वेळा डोकं वर काढून बघतात ते मोजायचं. ते माणसाची वाट जास्त बघत होते.

हा दुसरा निष्कर्ष वाचून मला आधी बरं वाटलं आणि मग पोटात तुटलं. ज्याच्याकडे समुद्र नाही, तो माणसाची वाट बघणारच. काही अभ्यासक याकडे सकारात्मक नात्याची खूण म्हणून बघतात आणि ते चूक नाहीत. पण एखादं वागणं चांगल्या अवस्थेचं लक्षण आहे की रित्या दिवसाचं, हे एका मोजमापावरून ठरत नाही. 2021 मध्ये सात देशांतल्या चाळीसहून अधिक मान्यताप्राप्त संस्थांतल्या डॉल्फिन-बेलुगांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात टाकीच्या आकारापेक्षा दिवसभराचं वेळापत्रक, नवनवीन खेळ-कामं आणि प्रशिक्षण यांचा वर्तनाशी जास्त संबंध दिसला. उपयोगी काम आहे, जे प्राणी आज टाकीत आहेत त्यांचा उद्याचा दिवस त्यामुळे सुधारतो. पण त्यातल्या सगळ्या टाक्या टाक्याच आहेत. लहान खोली आणि मोठी खोली यांची तुलना करून घराबाहेरच्या जगाबद्दल काही सांगता येत नाही, आणि जो कुणी तो अभ्यास दाखवून 'जागा महत्त्वाची नाही' म्हणेल त्याला तू हे विचार.

माझं मत विचारशील तर, आपल्या देशानं जे केलं ते योग्य केलं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस चेन्नईजवळ परदेशातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांत मेले. पुढे महाराष्ट्रासह काही राज्यांतून डॉल्फिन पार्कचे प्रस्ताव येऊ लागले, तेव्हा 17 मे 2013 रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं डॉल्फिनेरियमला परवानगी द्यायची नाही असं परिपत्रक काढलं. डॉल्फिनकडे 'मानवेतर व्यक्ती' म्हणून बघावं असं काही शास्त्रज्ञ म्हणतात, याचा उल्लेख त्या सरकारी कागदात आहे. मी तो कागद जपून ठेवला आहे.

तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. किनाऱ्यावर लागलेल्या डॉल्फिनचं रक्त तपासताना आपण ज्या सामान्य मूल्यांशी तुलना करतो, ती बरीचशी बंदिस्त प्राण्यांकडून आलेली आहेत. भूल तिथूनच आली. आहाराचं ज्ञानही तिथूनच. गोठवलेली मासळी साठवणीत आणि वितळवताना जीवनसत्त्वं गमावते, शिवाय काही माशांत थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, मोडणारं एन्झाइम असतं. म्हणून दर किलो मासळीमागे साधारण 25 मिलिग्रॅम थायमिन आणि 100 युनिट ई जीवनसत्त्व देण्याचा प्रघात पडला. थायमिन कमी पडलेल्या सीलला झटके येतात. आपल्याकडची शेळी थायमिन कमी पडलं की मान मागे टाकून आभाळाकडे बघत राहते, तेच दुखणं, तीच सुई. उपचारासाठी ठेवलेल्या डॉल्फिनला पाणी पाजायचं कसं हा प्रश्नही असाच. तो समुद्राचं पाणी पीत नाही, त्याचं पाणी माशातून येतं, म्हणजे खाणं सुटलं की तो पाण्यातच कोरडा पडतो आणि नळीनं पाणी द्यावं लागतं.

आणि स्वेच्छेनं रक्त देणं! डॉल्फिनला ओढून आणता येत नाही, तो पोहून निघून जातो. त्यामुळे प्रशिक्षकांना शिट्टी आणि मासा यांवर काम करावं लागलं, आणि डॉल्फिन आपण होऊन शेपटी हातात देऊन पडून राहायला शिकले. आज जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत वाघ जाळीला शेपटी लावून रक्त देतो, अस्वल पंजा पुढे करतो, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. एका दांडगट अस्वलाला दाबपिंजऱ्यात न घालता मी पहिल्यांदा रक्त घेतलं त्या दिवशी मी त्या अनोळखी डॉल्फिनांची ऋणी झाले.

पण तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास वेगळाच आहे, आणि तो विष्ठेचा आहे. उत्तर अटलांटिकमधले राइट व्हेल फार थोडे उरलेत. रोझलिंड रोलँड यांचा गट कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात त्यांची पाण्यावर तरंगणारी विष्ठा गोळा करून तिच्यातली ताणाची संप्रेरकं मोजत होता. वास काढायला नावेच्या टोकावर कुत्री बसवलेली. 11 सप्टेंबर 2001 नंतर काही दिवस जहाजांची ये-जा मंदावली. समुद्रातला आवाज 6 डेसिबलनं उतरला, आणि त्या दिवसांतल्या नमुन्यांत संप्रेरकंही उतरली. 2012 मध्ये हे छापून आलं. जहाजांच्या घरघरीनं देवमासे कायमच्या ताणात जगतात हे एरवी कसं सिद्ध केलं असतं? कुणी मुद्दाम प्रयोग म्हणून समुद्रातली जहाजं थांबवली नसती.

आता नकाशा आपल्या बाजूला फिरव. हैदराबादच्या लॅकोन्स या वन्यजीवांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेनं कान्हा आणि बांधवगडच्या वाघांच्या विष्ठेत हीच संप्रेरकं मोजली. पर्यटनाच्या काळात ती जास्त, उद्यान बंद असताना कमी, आणि गाड्यांच्या संख्येशी त्यांचा संबंध. तंत्र तेच, तर्कही तोच. जिप्सीच्या जागी जहाज घाल, वाघाच्या जागी देवमासा. कान्हा आपल्यापासून एका सकाळच्या अंतरावर आहे, पेंच त्याहून जवळ. नमुना किती तासांत उचलायचा, ऊन-पावसानं त्यातलं काय बिघडतं, अर्क कसा काढायचा, एका जनावराच्या दोन नमुन्यांत किती फरक असतो, हे सगळं तू इथल्या जंगलात शिकू शकतेस. त्यासाठी समुद्र लागत नाही.

पीएमचंही तसंच. जाळ्यात अडकून मरणं हा डॉल्फिन-देवमाशांपुढचा सगळ्यात मोठा धोका आहे. जगभरात वर्षाला 3 लाखांच्या आसपास प्राणी असे मरतात, असा 2006 मधला अंदाज अजूनही सांगितला जातो. किनाऱ्यावर आलेलं मढं जाळ्यानं मेलं, आजारानं मेलं की नावेच्या पंख्यानं, हे आपल्याकडे बहुतेक वेळा कुणी बघतच नाही. जेसीबी येतो आणि खड्डा खणला जातो. मढं किती ताजं आहे याच्या 1 ते 5 अशा पायऱ्या असतात. 1 म्हणजे जिवंत, 2 म्हणजे ताजं, 5 म्हणजे नुसती हाडं-कातडी. आपल्या उन्हात 2 चं 4 व्हायला एक दिवस पुरतो. म्हणून ज्याचा हात पीएममध्ये बसलेला आहे, जो चरबीची जाडी मोजायला, जाळ्याच्या वळांचे फोटो मोजपट्टी ठेवून काढायला, श्वासनळीतला फेस बघायला, दात वयासाठी काढून ठेवायला विसरत नाही, असा माणूस लागतो. गोरेवाड्याचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आपल्या विद्यापीठाचं आहे, सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. जिथे परवानगी मिळेल तिथे प्रत्येक पीएमला उभी राहा.

शरीररचनेला घाबरू नकोस. देवमासे हे समखुरी प्राण्यांचे वंशज आहेत. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटच्या खडकांतून निघालेला इंडोह्यूस नावाचा हरणाएवढासुद्धा नसलेला खुरांचा प्राणी त्यांच्या जवळच्या नात्यातला आहे, हे 2007 मध्ये पुढे आलं. पहिल्यांदा डॉल्फिनचं पोट उघडून त्याच्या जठराचे कप्पे बघितले तेव्हा मला गाईची आठवण झाली होती. मूत्रपिंड द्राक्षाच्या घडासारखं, शेकडो छोट्या मूत्रपिंडांचं. आणि स्वरयंत्र वर नाकाच्या मार्गात घुसलेलं, त्यामुळे अन्न आणि हवा यांच्या वाटा जवळपास वेगळ्या. जी मुलगी गाय नीट शिकली आहे तिला हे परकं वाटत नाही.

पुढची वाट कशी, तर मुंबईचं परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय माफसूचंच, आपल्याच महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं आहे, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणासाठी विद्यापीठ न बदलता तू समुद्राजवळ जाऊ शकतेस. राज्याचं मँग्रोव्ह फाउंडेशन किनाऱ्यावरच्या प्राण्यांवर काम करतं. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था समुद्रगाय आणि नदीतले डॉल्फिन या दोन्हींवर काम करते. 2024 च्या डिसेंबरात आसाममध्ये गंगेच्या डॉल्फिनला पहिल्यांदा उपग्रह टॅग लावला तो याच संस्थेनं. 2025 मध्ये नदीतल्या डॉल्फिनांची पहिली देशव्यापी गणना जाहीर झाली, 6,327. गंगेचा डॉल्फिन समुद्री नाही, पण उत्तरेत तो पाटबंधाऱ्यांच्या कालव्यांत अडकतो, ओल्या गादीवर घालून उचलावा लागतो, आणि तिथे पशुवैद्य कमी पडतात. उत्तर काय, दक्षिण काय, आपल्याला दोन्हीकडे रेल्वेनं जाता येतं; रेल्वेच्या नकाशाच्या मधोमध राहण्याचा हा फायदा आहे.

घरच्यांना खोटी आशा दाखवू नकोस. नुसत्या सागरी सस्तन प्राण्यांवर पगार देणाऱ्या जागा देशात अगदी थोड्या आहेत. पहिली काही वर्षं तुला गाई-म्हशी, कुत्री-मांजरी किंवा वनविभागाचं कंत्राट यांवर उभं राहावं लागेल आणि हे काम त्याच्या बाजूला करावं लागेल. मी तसंच केलं. समृद्धी महामार्ग झाल्यापासून मुंबईजवळपर्यंतचे 701 किलोमीटर म्हणजे एका दिवसाचा रस्ता आहे, पूर्वी मी रात्रभर रेल्वेनं जायचे आणि पोचेपर्यंत मढं पुरलेलं असायचं.

आता काम देते. उद्यापासून कॉलेजच्या गोठ्यात जा आणि एकच जनावर निवड. रोज ठरलेल्या वेळी, त्याच्या नजरेत न येता, दहा मिनिटं श्वास मोज. मग अनोळखी माणसाला गोठ्यात पाठव आणि पुन्हा दहा मिनिटं मोज. तापमान, वेळ, चारा, कोण आलं, कुत्रं भुंकलं का, सगळं लिही. चौथ्या-पाचव्या दिवशी कंटाळा येईल आणि आकडे अंदाजानं लिहावेसे वाटतील. त्या दिवशी लिहायचं नाही, पान कोरं सोडायचं आणि का सोडलं ते लिहायचं. तीस दिवसांची वही झाली की मला आणून दाखव. कोकणात हंगाम सुरू झाला की तुला कुणाकडे पाठवायचं ते मी बघते.